कंप्रेसर गेला नव्हता, रिले जळला होता

गाडीच्या एसीतल्या एका रिलेपायी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचपायी, बिलात लागलं ते असं: कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गॅस निववणारी पुढची जाळी), ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) आणि 1800 ग्रॅम गॅस. दोन बिलांत मिळून 11 तासांची मजुरी. त्या रकमेत तसले 214 रिले आले असते, हिशेब दोनदा केला. लिहायची लाज वाटते, कारण गाडीचं वायरिंग मला कळतं आणि व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर डिकीतच होता. पण हाच प्रकार आत्ता आणखी कुणासोबत चालला असेल, म्हणून लिहितोय.

दोष असा होता. इंजिन गार असताना एसी उत्तम. वीसेक मिनिटांनी जाळीतून गरम हवा. अर्धा तास गाडी उभी ठेवली की पुन्हा गारवा. गॅस कमी असता तर गारवा पहिल्यापासूनच कमी पडला असता, गाडी उभी ठेवून तो भरून निघाला नसता. तापलं की बंद आणि निवलं की चालू असा दोष दिसला की आधी वीज तपासायची.

गॅरेजमध्ये गेज लावले तेव्हा एसी बंद पडलेलाच होता. दोन्ही काटे 95 पीएसआयच्या आसपास, सारखे. मेकॅनिक म्हणाला, "कंप्रेसर प्रेशर बनवत नाही, आतून गेलाय." इथेच त्याचा हात धरायला हवा होता. बॉनेट उघडं होतं. पट्ट्यावर पुली फिरत होती आणि तिच्या पुढची कंप्रेसरच्या क्लचची प्लेट जागची हलत नव्हती. कॉईलला वीज मिळाली की ती चुंबकासारखी ही प्लेट पुलीकडे ओढते आणि मगच कंप्रेसर फिरतो. प्लेट थांबलेली म्हणजे कंप्रेसरचा शाफ्ट थांबलेला, आणि शाफ्ट थांबला की दोन्हीकडचं प्रेशर सारखं होणारच, कंप्रेसर नवाकोरा असला तरी. आतून खराब झालेल्या कंप्रेसरची प्लेट फिरते आणि तरीही काट्यांत फरक पडत नाही. हे मला माहीत होतं. मी त्या प्लेटकडेच बघत होतो आणि तरी "करा" म्हणालो.

पुढचा पुरावाही समोर होता. आर-134ए गॅसच्या बंद यंत्रणेत 30 अंशांना 95 पीएसआय म्हणजे आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे. किती आहे ते त्यावरून कळत नाही, पण गॅस कमी झाला की क्लचची वीज तोडणारा लो-प्रेशर स्विच साधारण 2 बारच्या (सुमारे 29 पीएसआय) खाली तोडतो, म्हणजे तो तोडत नव्हता. एसीचं बटण दाबताच कंडेन्सरचा पंखा लागत होता, म्हणजे या गाडीत बटणाचा हुकूम कंट्रोल युनिटपर्यंत पोचत होता. उरलं काय? रिले, वायर, क्लचची कॉईल आणि अर्थिंग. दहा मिनिटांचं काम.

मी भुललो ते मेकॅनिकने दाखवलेल्या एका काळ्या फडक्याला. "बघा, तेलात धातूचा भुसा आलाय." माणूस घाबरतो, कारण खरा भुसा सगळ्या पाइपांत जातो. पण खरंच भुसा असता तर त्याच वेळी यंत्रणा फ्लश करून ड्रायर बदलायला हवा होता, बहुतेकदा कंडेन्सरही. पहिल्या बिलात यातलं काहीच नव्हतं. नऊ दिवसांनी दोष परत आला तेव्हा कंडेन्सर आणि ड्रायर आठवला. गॅस पुन्हा 900 ग्रॅम लावला. बॉनेटखालच्या स्टिकरवर 470 ग्रॅम छापलेलं आहे. स्टिकर वाचा, बिलातला आकडा त्याच्याशी ताडून बघा. आणि पहिल्या खेपेचा गॅस मशीनने काढून परत भरता येतो, त्याचे पैसे दुसऱ्यांदा देऊ नका.

तिसऱ्यांदा ते कंट्रोल युनिट बदला म्हणाले, तेव्हा कुठे मी मीटर काढला. दोष हजर असतानाच मोजायचं, निवलेल्या गाडीवर मोजून काही कळत नाही. बॅटरीवर 13.9 व्होल्ट. क्लचचा प्लग जोडलेला ठेवून मागून टोक लावलं तर 9.2. प्लग काढून मोजलं की मात्र जवळजवळ पूर्ण व्होल्टेज, आणि इथेच भलेभले फसतात: भार नसेल तर जळक्या संपर्कातूनही मीटरला पूर्ण आकडा दिसतो. अर्थिंगच्या बाजूला 0.1, म्हणजे ठीक. रिलेच्या 30 (वीज आत) आणि 87 (वीज बाहेर) या पिनांमध्ये 4.6 व्होल्ट, जिथे जवळजवळ शून्य हवं. चोर तिथे होता. रिलेचं कव्हर तपकिरी पडलेलं, हात लावला तर चटका.

वीस मिनिटांचं कोडंही सुटलं. प्लेट ओढून घ्यायला जोर जास्त लागतो, धरून ठेवायला कमी. सुरुवातीला क्लचची गार कॉईल कशीबशी ओढायची. डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी कूलिंग कॉईल पुरेशी थंड झाली की थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) क्लच सोडायला लावायचा, आणि मग क्लचच्या तापलेल्या कॉईलला 9.2 व्होल्टवर ती प्लेट परत ओढता यायची नाही. क्लच कॉईल गार असताना 3.8 ओहम, म्हणजे धडधाकट. प्लेटची फट 0.5 मिलिमीटर, तीही योग्य. कंप्रेसर काढायचं काही कारणच नव्हतं.

बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले तसाच असतो. पिनांची रचना आणि अँपिअर जुळत असतील तर अदलाबदल करून बघा. वायर टाकून 30 आणि 87 जोडायच्याच असतील तर मध्ये 10 अँपिअरचा फ्यूज हवा. लो-प्रेशर स्विच मात्र कुणालाही जोडून टाकू देऊ नका, गॅस नसताना तेल फिरत नाही आणि चांगला कंप्रेसरही जाम होतो. काही गाड्यांत क्लच नसतोच, कंप्रेसरची क्षमता सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) बदलतो. तिथे क्लच लागल्याचा "टक" आवाज येत नाही म्हणून कंप्रेसर गेला असं कुणी म्हणालं तर गाडी काढून आणा.

आता तक्रारीचं. गाडीच्या कंपनीने तक्रार त्याच गॅरेजकडे पाठवली, आणि गॅरेजने "ग्राहक समाधानी" लिहून ती बंद केली. मला विचारलंही नाही! ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात सांगितलं, तज्ज्ञाचं लेखी मत आणा. तीन मेकॅनिक म्हणाले, रिलेच होता. लेखी द्यायला एकही तयार नाही. व्होल्टेजच्या नोंदी दिल्या, तर त्या तुमच्याच मीटरच्या म्हणून बाजूला सारल्या. मग विचारलं, जुना कंप्रेसर कुठे आहे? तो गॅरेजने भंगारात घातला. म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याच ताब्यात पुरावा, आणि तो सादर करायची जबाबदारी माझी. टेबलापलीकडच्या माणसाने क्लचची प्लेट म्हणजे काय हेही ऐकून घेतलं नाही. चार खेपा झाल्या, दर वेळी नवा अर्ज आणि पुन्हा तीच बिलं.

काम सांगतानाच जुना भाग परत हवा असं जॉब कार्डवर लिहून घ्या, तोंडी सांगू नका. दोष चालू असताना क्लचच्या प्लगवर किती व्होल्ट आले, तो आकडाही तिथेच लिहायला लावा. माझ्या पहिल्या जॉब कार्डवर एवढंच आहे: "एसी तपासला, कंप्रेसर खराब." खाली माझी सही आहे.