शाळेच्या टीमसाठी पीबीआयएस कोचिंग : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

कोचिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीच्या क्लासच्या पाट्या येतात. मी ज्याविषयी लिहीत आहे ते कोचिंग मुलांसाठी नाही, शिक्षकांसाठी आहे. पीबीआयएस (Positive Behavioral Interventions and Supports), म्हणजे शिक्षेऐवजी चांगले वागणे शिकवण्यावर भर देणारी पद्धत, शाळेत राबवायला ते मदत करते. न्यू जर्सीतील ज्या सरकारी शाळेत मी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवते, तिथल्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने, दोन वर्षांपूर्वी एका खासगी संस्थेकडून ही सेवा विकत घेतली आणि आमच्या सात जणांच्या टीमला एक कोच मिळाली. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण एका शाळेतील अनुभवावरून सगळ्या संस्थेला धारेवर धरणे योग्य ठरणार नाही.

पीबीआयएस ही पद्धत इथे नवी नाही. 1997 साली अमेरिकेच्या विशेष शिक्षणविषयक कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्यात सकारात्मक वर्तन-साहाय्याचा उल्लेख आला. पुढे केंद्रीय शिक्षण खात्याच्या निधीतून एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि जॉर्ज सुगाई व रॉब हॉर्नर या अभ्यासकांनी ही पद्धत शाळाशाळांत नेली. तिचे म्हणणे साधे आहे. ज्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही त्याला आपण ती पुन्हा शिकवतो. मग ज्याला रांगेत उभे राहता येत नाही त्याला थेट शिक्षा का करावी? सर्व मुलांसाठी पहिली पातळी, थोड्या जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी दुसरी आणि अगदी मोजक्या मुलांसाठी तिसरी, अशी तिची रचना असते. तक्ते, नमुने, तपासणीची साधने असे जवळजवळ सगळे साहित्य त्या केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्यामुळे डिस्ट्रिक्ट जे पैसे मोजते ते कागदांचे नसतात, माणसाचे असतात, आणि या सेवेची पारखही त्याच अंगाने करायला हवी.

सुरुवात ऑगस्टमधील दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने झाली. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्लाइड वाचून दाखवल्या गेल्या, जेवण चांगले होते.

खरी सेवा सुरू झाली ती ऑक्टोबरमध्ये, कोच आमच्या मासिक बैठकीला येऊन बसली तेव्हा. त्या बैठकीत नेहमीप्रमाणे सूर निघाला की सातवीची मुले यंदा फारच उद्धट झाली आहेत. कोचने वाद घातला नाही. तिने ऑफिस रेफरलचे, म्हणजे शिक्षक मुलाला कार्यालयात पाठवताना जो फॉर्म भरतात त्यांचे, आलेख पडद्यावर लावले आणि एकामागून एक प्रश्न विचारले: नेमके काय घडते, कुठे घडते, किती वाजता घडते, कोण असते, आणि त्यातून मुलांना काय मिळते? निम्म्याहून अधिक फॉर्म एकाच जागेचे निघाले. कॅन्टीनच्या दाराबाहेरचा बोळ, वेळ बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. मग ती आम्हाला घेऊन त्या बोळात जाऊन उभी राहिली. सातवीची मुले जेवून ज्या दाराने बाहेर पडत होती त्याच दाराने आठवीची आत शिरत होती, आणि दाराला लागूनच दोन मायक्रोवेव्ह ठेवलेले असल्यामुळे डबा गरम करणाऱ्यांची रांग मधोमध अडली होती. तिथे धक्का लागला नसता तरच नवल. आम्ही मायक्रोवेव्ह आतल्या भिंतीकडे हलवले, आठवीचे दार बदलले आणि ‘धावू नका’ या पाटीच्या जागी ‘उजव्या बाजूने चाला’ अशी पाटी लावून आठवडाभर वर्गावर्गाला त्या बोळातून प्रत्यक्ष चालवून आणले. त्या जागेचे रेफरल हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत बोटांवर मोजण्याइतके उरले. वीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक प्रशिक्षणे घेतली आहेत, पण प्रशिक्षण देणारी व्यक्ती आमच्या बोळात येऊन उभी राहिल्याचे मला आठवत नाही.

दुसरी जमेची बाजू म्हणजे तपासणीचा प्रामाणिकपणा. पद्धत किती नेटाने राबवली जाते हे मोजण्यासाठी एक ठरलेली गुणपत्रिका आहे. आम्ही वापरलेल्या आवृत्तीत पहिल्या पातळीचे 15 मुद्दे होते आणि प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. 70 टक्के मिळाले तर गाडी रुळावर आहे असे धरतात. आम्ही स्वतःला भरघोस गुण देऊन मोकळे झालो होतो. कोचने बोळात भेटलेल्या दहा मुलांना शाळेचे तीन नियम विचारले आणि चारच मुलांना ते सांगता आले, त्याबरोबर आमचे गुण 30 पैकी 11 वर उतरले. अपमान वाटला, हे कबूल करते. दुसऱ्या वर्षाअखेर ते 23 झाले आणि या वेळी ते आमचे आम्हालाही पटले.

आता तक्रारी. पहिली बक्षिसांच्या चिठ्ठ्यांची. चांगले वागणाऱ्या मुलाला चिठ्ठी द्यायची आणि शुक्रवारी तिच्या बदल्यात पेन्सिल किंवा वेफर्स घ्यायचे, हा प्रकार आमच्या जुन्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी ‘लाच’ ठरवला. यावर देण्यासारखे उत्तर होते: चिठ्ठीपेक्षा तिच्यासोबत उच्चारलेले वाक्य, ‘तू दार धरून ठेवलेस म्हणून मागची मुलगी पडली नाही’ यासारखे नेमके वाक्य, महत्त्वाचे असते. परंतु कोचने ते उत्तर शिक्षकसभेत दिले नाही, चिठ्ठ्यांचे गठ्ठे मात्र वाटले. डिसेंबरपर्यंत चिठ्ठी मुक्यानेच हातात पडू लागली आणि आठवीतल्या हुशार मुलांनी तिचा बाजार मांडला.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कोणत्या वंशाच्या मुलांना किती वेळा कार्यालयात पाठवले जाते, हा तक्ता या पद्धतीत नियमाने पाहायचा असतो. अमेरिकेतील शाळांमध्ये कृष्णवर्णीय मुलांना तुलनेने अधिक शिक्षा होतात, हे जगजाहीर आहे. आमच्या टीमसमोर हा तक्ता मी मागितल्यावर आला, तोही दुसऱ्या वर्षी आणि बैठकीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. अवघड विषयात टीमला हात धरून नेणे हेच कोचचे काम असताना तिने तिथेच हात आखडता घेतला.

तिसरी गोष्ट अशी की दुसऱ्या पातळीचे काम, ज्यात एखादे मूल रोज सकाळी एका ठरलेल्या मोठ्या माणसाला भेटून कार्ड घेते आणि सुटताना गुण दाखवायला परत येते, ते भर जानेवारीत सुरू झाले आणि त्याच महिन्यात संस्थेने कोच बदलली. नव्या कोचकडे नऊ शाळा होत्या. माझ्याकडे कार्ड घेऊन येणारा सहावीतला मुलगा एकही दिवस चुकला नाही, पण त्याच्या कार्डांवरचे आकडे वाचून पुढे काय करायचे ते सांगणारे कोणी नव्हते. शेवटी शाळेच्या समुपदेशक बाईंनी आणि मी मिळून आमच्या अंदाजाने निभावले.

ज्या शाळेत मुख्याध्यापक स्वतः बैठकीला बसतात आणि रेफरलची नोंद नीट ठेवली जाते, तिथे ही सेवा घ्यावी असे मी म्हणेन. नोंदच नसेल तर आधी वर्षभर ती ठेवावी. कोचला वाचायला काहीतरी लागते. पाचपैकी साडेतीन गुण. तिसऱ्या वर्षाच्या करारासाठी आमच्या टीमने डिस्ट्रिक्टला तीन अटी लेखी कळवल्या आहेत: कोच वर्षाच्या मध्ये बदलू नये, वंशनिहाय तक्ता दर तिमाहीला पहिल्या विषयात घ्यावा, आणि शाळेतल्याच एका शिक्षिकेला आठवड्याचा एक तास मोकळा देऊन कोचच्या हाताखाली तयार करावे. पहिल्या दोन मान्य झाल्या आहेत. एक तास कोणाच्या वेळापत्रकातून काढायचा यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे.