आईचे दूध आणि दुग्धपेढीतील दूध

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी आईच्या दुधाबरोबरच दुसऱ्या मातेच्या दुधाचा पर्याय तेथे उभा राहिला. दोन्ही मानवी दूधच. फरक पडतो तो मुख्यतः तापवण्याने. पेढीतील दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात; त्यात घातक जंतू मरतात, पण स्निग्धांश पचवणारे लायपेज हे विकरही (एन्झाइम) निकामी होते, जिवंत पेशी नष्ट होतात आणि लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारे प्रथिन व प्रतिपिंडे (अँटिबॉडी) बरीच घटतात. आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना पोसणाऱ्या ऑलिगोसॅकराइड शर्करा मात्र जवळजवळ जशाच्या तशा राहतात. शिवाय दूध देणारी माता बहुधा पूर्ण दिवसांनी आणि काही आठवड्यांपूर्वी बाळंत झालेली असल्याने त्या दुधात प्रथिने कमी असतात. म्हणून पहिला मान आईच्याच दुधाला. पिवळसर चीक अर्धा चमचाच निघाला, तरी तो वाया घालवू नये. आईचे दूध पुरत नसेल, तर पावडरच्या दुधाने वजन अधिक वेगाने वाढते हे खरे, पण आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका पेढीच्या दुधाने कमी होतो, आणि सव्वा किलोच्या बाळापुढे वजनाचा मुद्दा मला तरी दुय्यम वाटतो.