केशकर्तन शिकताना घेतलेली साधने : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी चाकणमधील नोकरी सोडली, पुण्यातील एका संस्थेत दोन महिन्यांचा केशकर्तनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर कराडला चुलत्यांच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहिलो. चुलत्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा हात या धंद्यात चाळीस वर्षांचा आहे, माझा जेमतेम नऊ महिन्यांचा. सध्या श्रावण असल्याने दाढी-कटिंगची गर्दी ओसरली आहे आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती तशीच राहील, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे काही सविस्तर लिहायला सवड मिळाली.

अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात मी एकूण १३,६०० रुपयांची खरेदी केली. त्यात वायरवर चालणारे मशीन ४,६०० रुपयांचे, बॅटरीचा ट्रिमर २,१०० रुपयांचा, सहा इंची कात्री १,३०० रुपयांची, दातेरी कात्री ९०० रुपयांची आणि सरावासाठीचे डमी डोके २,८०० रुपयांचे होते. उरलेल्या १,९०० रुपयांत कंगवे, वस्तरा, एप्रन, ब्रश आणि पाण्याचा फवारा आला. मशीनवर मी तीन दिवस विचार केला, चित्रफिती पाहिल्या, दोन दुकाने फिरलो. कात्री मात्र त्याच दुकानातून निघता निघता उचलली. पुन्हा खरेदीची वेळ आली, तर हा क्रम मी उलटा करीन.

तरीही आधी मशीनविषयी लिहितो, कारण नवशिक्याच्या हातात तेच सर्वाधिक वेळ असते. माझे मशीन चुंबकीय मोटरचे आहे. या जातीचे हातात धरता येणारे यंत्र लिओ वाल यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९१९ साली पुढे आणले आणि त्याचे तत्त्व आजही तेच आहे : वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबक दांडी ओढतो, स्प्रिंग ती मागे नेते आणि वरचे पाते खालच्या पात्यावर सरकत राहते. याची गती विजेच्या आवर्तनावर अवलंबून असते. अमेरिकेत ६० हर्ट्‌झवर असे मशीन मिनिटाला ७,२०० फेऱ्या करते, आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झवर ६,०००. म्हणून परदेशातून नातेवाइकांनी आणलेले मशीन केवळ व्होल्टेज बदलून येथे नीट चालेलच असे नाही. बाजूच्या स्क्रूने ते जुळवावे लागते. खडखडाट सुरू होईपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि आवाज थांबेपर्यंत हळूच मागे घ्यायचा. हे मला संस्थेत कोणी सांगितले नाही. पहिले दोन महिने मी मशीनचा कर्कश आवाज हा त्याचा स्वभाव समजून चाललो होतो.

या मशीनकडून झालेली एक चूक खरे तर माझीच होती. पाते अधिक बारीक कापावे म्हणून मी एका चित्रफितीत पाहून दोन्ही पात्यांच्या कडा अगदी एका रेषेत आणल्या. वरचे पाते खालच्यापेक्षा किंचित मागे असावे लागते, साधारण पाऊण मिलिमीटर, हे अंतर त्वचेच्या रक्षणासाठीच असते. मला ते ठाऊक नव्हते असे नाही, पण दिसायला फारच थोडे वाटले. त्या संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलाच्या कानामागे तीन बारीक लाल रेघा उमटल्या. अण्णांनी काही न बोलता तुरटी फिरवली, मशीन माझ्या हातातून घेतले, पाते उलटे करून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर टेकवून पाहिले आणि म्हणाले, "आधी स्वतःला लावून बघ, मग गिऱ्हाइकाला." तेव्हापासून पाते उघडले की मनगटाची परीक्षा झाल्याशिवाय मी खुर्चीजवळ जात नाही.

तेलाच्या बाबतीतही एक मूर्खपणा नोंदवून ठेवतो. मशीनसोबत आलेली तेलाची छोटी कुपी जानेवारीत संपली आणि मी घरातले खोबरेल घातले. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजते आणि कराडची जानेवारीतली सकाळ त्याहून बरीच गार असते. सकाळी पात्यांमध्ये पांढरट थर बसलेला होता, त्यात केसांचा भुगा चिकटलेला, आणि मशीन केस कापण्याऐवजी ओढत होते. पाते सोडवून, पुसून, योग्य पातळ तेलाचे तीन-चार थेंब घातल्यावर ते पूर्ववत झाले. नऊ महिन्यांत त्याची दुरुस्ती एकदाही करावी लागलेली नाही. सलग वीस-पंचवीस मिनिटांनंतर पाते तापते, ही एकच खरी तक्रार आहे आणि उन्हाळ्यात ती अधिक जाणवते.

गार्ड म्हणजे केस किती लांब ठेवायचे ते ठरवणारी, मशीनच्या पात्यावर बसवायची कंगव्यासारखी टोपी. तिचे नंबर गिऱ्हाइकांनाही पाठ असतात, मिलिमीटर मात्र न्हाव्याला पाठ हवेत. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. त्याशिवाय अर्धा १.५ आणि दीड नंबर ४.५ मिलिमीटरचा. फेड करताना, म्हणजे बाजूचे केस वरून खाली हळूहळू आखूड करत नेताना, केस उतरत जाणे हे या नंबरांच्या मधल्या जागेत घडते आणि ती जागा मशीनच्या बाजूचा खटका भरून काढतो : उघडला की केस थोडे लांब राहतात, मिटला की आखूड होतात. माझ्या संचात अर्धा आणि दीड हे दोन्ही गार्ड नव्हते, ते वेगळे घ्यावे लागले. संच घेताना हे दोन आहेत की नाहीत, ते आवर्जून पाहावे, कारण त्यांच्यावाचून एक नंबरच्या खालची रेघ पुसताना नवशिक्याचे अर्धे आयुष्य खर्ची पडते.

आता कात्री. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याकडच्या बाजारात त्या सहज मिळतात. माझी पहिली कात्रीही मेरठचीच, आणि किमतीच्या मानाने ती चांगलीच निघाली. अडचण कात्रीत नव्हती, हातात होती. मी अंगठा आणि बोटे दोन्ही हलवत होतो. कात्री धरताना अनामिका एका कडीत, करंगळी तिच्या आधारावर आणि अंगठ्याचे फक्त टोक दुसऱ्या कडीत असते. खालचे पाते स्थिर राहते आणि हलतो तो केवळ अंगठा. अण्णांनी मला महिनाभर रोज दुकान उघडल्यावर पंधरा मिनिटे हवेत कात्री चालवायला लावली, तीही स्थिर पाते आरशाच्या खालच्या कडेला समांतर ठेवून. येणारे-जाणारे हसत. एका आजोबांनी तर "काय रे, डास मारतोस का?" असेही विचारले. पण तिसऱ्या आठवड्यात कात्री-कंगव्याने मानेवरचे केस उतरवताना पायऱ्या पडणे थांबले, जे मशीनने मला चार महिन्यांत साधले नव्हते.

कात्रीचा ताण आठवड्यातून एकदा तपासावा. एक कडी धरून पाते काटकोनात उघडायचे आणि सोडायचे : धाडकन पूर्ण मिटले तर स्क्रू सैल आहे, जागीच अडकले तर घट्ट आहे, थोडे मिटून थांबले तर बरोबर आहे. धारेची परीक्षा ओल्या टिश्यू कागदावर होते. कागद फाटला किंवा पात्यांमध्ये दुमडला, तर धार गेली आहे. माझी कात्री मे महिन्यात फरशीवर पडली आणि टोकाजवळ खाच पडली. मी ती चाकावर धार लावणाऱ्याकडे दिली, त्याने इमानेइतबारे सुरीसारखी सरळ धार काढून दिली आणि कात्री कामातून गेली. फुगीर धारेची कात्री अशा चाकावर देऊ नये, ती केशकर्तनाच्या कात्र्यांचेच काम करणाऱ्याकडे पाठवावी. त्यानंतर ३,८०० रुपयांची दुसरी घेतली. तीन महिन्यांच्या वापरानंतरही तिचा अंगठ्याला त्रास होत नाही, यापलीकडे तिचे कौतुक करायला मला शब्द सापडत नाहीत.

डमी डोक्याविषयी थोडक्यात : कृत्रिम केसांचे घेऊ नये. ड्रायरच्या उष्णतेने ते वितळतात आणि कापल्यावर खऱ्या केसांसारखे पडत नाहीत. शिवाय डमीला भोवरा नसतो. खऱ्या डोक्यावर भोवऱ्यापाशी केस कोणत्या दिशेने उभे राहतील, हे शिकायला माझे दोन मावसभाऊ आणि दर सोमवारची सुट्टी कामी आली.

वस्तरा मी अर्धे पाते बसवण्याचाच घेतला. कागदासकट पाते मधोमध मोडायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नवे बसवायचे. फेस लावलेल्या फुग्यावर सराव करताना मी अकरा फुगे फोडले. बारावा टिकला, कारण तोपर्यंत पाते साधारण तीस अंशांत ठेवण्याची आणि दुसऱ्या हाताने त्वचा ताणण्याची सवय लागली होती. अण्णांच्या वडिलांचा जुना वस्तरा आणि त्याला धार लावायचा चामोटा त्यांच्या धोकटीत अजून जपून ठेवलेले आहेत, पण वापरात नाहीत, आणि ते योग्यच आहे. एकच वस्तरा अनेकांना लावला, तर रक्तातून पसरणारे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, आणि यकृताला सूज आणणाऱ्या हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. साधने निर्जंतुक करायला ठेवतात त्या निळ्या प्रकाशाच्या पेटीवर मात्र विसंबू नये. प्रकाश पोहोचत नाही तेथे ती काही करत नाही, म्हणून आधी केस झटकणे, धुणे आणि ७० टक्के अल्कोहोल हाच क्रम मी पाळतो, आणि पेटी फक्त स्वच्छ साधने ठेवण्यासाठी वापरतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत न्हावीकामाचा समावेश आहे आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तेवढ्याच रकमेत बसवायचे झाले, तर मी चांगल्या कात्रीला ४,००० रुपये देईन, मशीन तेच ठेवीन आणि ट्रिमर काही महिने पुढे ढकलीन. कल्ल्यांची व मानेची रेघ वस्तऱ्यानेही स्वच्छ निघते.

जूनमधल्या एका संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज गेली, तेव्हा माझ्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्याची डावी बाजू उतरवून झाली होती आणि उजवी तशीच होती. ट्रिमरची बॅटरी मी आदल्या रात्री लावायला विसरलो होतो. अण्णांनी मोबाइलचा दिवा आरशाला टेकवून ठेवला आणि आपल्या खुर्चीकडे परत गेले. मी कात्री-कंगव्याने उजवी बाजू पूर्ण केली. पस्तीस मिनिटे लागली. वीज आल्यावर अण्णांनी मागून आरसा धरून दोन्ही बाजू पाहिल्या, कानावरची एक बट स्वतःच्या कात्रीने काढली आणि गिऱ्हाइकाला पैसे माझ्याकडे द्यायला सांगितले.