रायझन ५ ५६००: मोठ्या आकड्यांपेक्षा बारीक ओळी वाचा

एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर मी घरच्या पीसीत वापरतोय आणि मला तो मनापासून आवडलाय. पण रिव्ह्यू लिहावासा वाटला कारण हा शोधायला गेलं की ५५००, ५६००जी, ५६००एक्स अशी सगळी भावंडं समोर येतात आणि त्यांच्यातला खरा फरक गिगाहर्ट्झच्या आकड्यात दिसतच नाही.

बेसिक माहिती पटकन सांगतो. ६ कोर, १२ थ्रेड, बेस क्लॉक म्हणजे नेहमीचा किमान स्पीड ३.५ आणि बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ. १२ थ्रेड म्हणजे १२ कोर नव्हेत हां, एकेक कोर दोन-दोन कामं हाताळतो एवढंच, आणि बूस्ट हा वरचा टप्पा आहे, सगळे कोर कायम त्या स्पीडला चालतील असं समजू नका.

आता गंमत बघा, ५६००जीचा बेस क्लॉक ३.९ आहे आणि बूस्ट तोच ४.४, म्हणजे नुसता कागद बघणारा माणूस म्हणणार की जी वालाच भारी! पण खाली बारीक अक्षरात एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच छोटी वेगवान मेमरी, लिहिलेली असते ती वाचा, ५६०० ला ३२ एमबी आणि ५६००जी ला निम्मी, १६. लागणारा डेटा कॅशेत सापडला नाही की प्रोसेसरला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तिथे वेळ जातो, गेममधे तर हे फार जाणवतं. एएमडीनेच २०२२ मधे ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढला तेव्हा क्लॉक साध्या ५८००एक्सपेक्षा कमी ठेवून कॅशे ९६ एमबी केली, आणि गेममधे तोच पुढे गेला. एएमडीचाच २०१३ चा जुना प्रोसेसर एफएक्स-९५९० तर ५ गिगाहर्ट्झपर्यंत जायचा, २२० वॉटचा होता, तरी आजचा हा ६५ वॉटचा ५६०० त्याला आरामात मागे टाकतो. त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी लावून बघण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरी ओळ पीसीआयई ची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीतून प्रोसेसरशी बोलतं तिची. ५६०० ला ४.०, पण ५५०० आणि ५६००जी ला ३.०. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना याने विशेष फरक पडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड या जोडणीच्या फक्त ४ लेन (डेटाचे मार्ग) वापरतं, ते ३.० वर लावलं की परफॉर्मन्स चांगलाच पडतो. आणि मदरबोर्ड बी४५० या प्रकारचा असेल तर ५६०० लावूनही ३.०च मिळणार, ४.० हवं तर बी५५० बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ५६०० मधे इनबिल्ट ग्राफिक्स नाही!! कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही, मदरबोर्डला एचडीएमआय असलं तरी. ज्यांना ऑफिसची कामं, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ एवढंच करायचंय आणि कार्ड घ्यायचं नाही त्यांनी सरळ ५६००जी घ्यावा, आणि रॅमची एकच स्टिक न लावता दोन लावाव्यात, कारण तो ग्राफिक्ससाठी रॅमच वापरतो. कार्ड घेणार असाल तर मात्र ५६००च. ५६००एक्स फक्त ०.२ गिगाहर्ट्झने पुढे आहे, त्यासाठी जास्त पैसे मी तरी देणार नाही.

टीडीपी (उष्णता आणि विजेचा अंदाजे आकडा) ६५ वॉट लिहिलंय पण फुल लोडला तो त्याहून जास्त ओढू शकतो. सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर रोजच्या वापराला पुरतो, पण व्हिडिओ रेंडर करताना त्याचा आवाज येतो, शांतता हवी असेल तर वेगळा कूलर घ्या.

जुन्या एएम४ (या प्रोसेसरचा सॉकेट) बोर्डवर लावणार असाल तर आधी जुन्या प्रोसेसरवरच बायॉस, म्हणजे पीसी सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या, नाहीतर पीसी चालूच होणार नाही. जुना प्रोसेसर हाताशी नसेल तर बोर्डला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का ते बघा, मग पेनड्राइव्हवरून काम होतं.