मायक्रोबिट: देणगीत आलेलं खोकं उघडण्याआधी

कंपनीने शाळेला दिलेलं यंत्र कपाटात कधी जाणार, हे बहुतेक वेळा कंपनीच ठरवते. इंटेलने २०१३ मध्ये गॅलिलिओ हा प्रोग्रॅम करता येणारा सर्किट बोर्ड आणला आणि २०१७ मध्ये बंद केला. लेगोची रोबोट बनवायच्या संचांची मालिका माइंडस्टॉर्म्स १९९८ पासून चालली, २०२२ अखेर तीही थांबली. बीबीसी मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला केलेला सेन्सर आणि दिव्यांचा पडदा असलेला छोटा संगणकी बोर्ड, २०१६ पासून वापरात आहे आणि पहिल्या खेपेतले बोर्ड आजही नवा प्रोग्रॅम घेतात. या परीक्षणात त्याला सर्वाधिक गुण त्यासाठीच आहेत.

मुळात ही ब्रिटनमधली योजना. सातवीच्या वर्गातल्या, म्हणजे ११-१२ वर्षांच्या, सुमारे १० लाख मुलांना प्रत्येकी एक बोर्ड फुकट. प्रोसेसर नॉर्डिकचा, सेन्सर एनएक्सपीचे, हार्डवेअरच्या रचनेला आर्मची मदत, प्रोग्रॅम लिहिण्याची सोय मायक्रोसॉफ्टची, अँड्रॉइड अ‍ॅप सॅमसंगचं आणि आतलं मूळ सॉफ्टवेअर लँकेस्टर विद्यापीठाचं. यात प्रत्येकाचा स्वार्थ होताच, पण एकाच कंपनीच्या हाती सगळी किल्ली राहिली नाही. नंतर कारभार वेगळ्या ना-नफा संस्थेकडे गेला. सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं आहे, आणि तयार प्रोग्रॅम म्हणजे एक साधी हेक्स फाइल. बोर्ड संगणकाला पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यावर ती फाइल टाकली की काम झालं. खातं उघडणं नाही, परवान्याचं नूतनीकरण नाही.

देणगी घेताना पहिला प्रश्न विचारा: आवृत्ती कोणती? पहिल्या आवृत्तीत १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फक्त १६ केबी रॅम आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या दुसरीत ६४ मेगाहर्ट्झ, १२८ केबी रॅम, स्पीकर, मायक्रोफोन आणि स्पर्श ओळखणारा लोगो. दोन्ही एकत्र आल्या तर वर्गात गोंधळ ठरलेला. मेककोड म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन. दुसरीसाठीच असलेले ब्लॉक वापरलेला त्यातला प्रोग्रॅम पहिलीवर टाकला की पडद्यावर ९२७ हा आकडा फिरतो. मुलांना वाटतं बोर्ड बिघडला. नवीन खरेदी होत असेल तर पहिली आवृत्ती नको म्हणा. जुने बोर्ड मात्र फेकू नका, रेडिओचा संदेश पाठवायला ते उत्तम चालतात.

सर्वात जास्त वेळ खाते ती यूएसबी केबल. मोबाइलच्या चार्जरच्या अनेक केबल फक्त वीज नेतात, माहिती नाही. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकावर मायक्रोबिट नावाचा ड्राइव्ह दिसत नाही. आधी केबल बदला, मगच बाकीचे उपाय. ड्राइव्हचं नाव ‘मेंटेनन्स’ दिसत असेल तर जोडताना रीसेटचं बटण दाबलं गेलंय. केबल काढून, बटणाला हात न लावता पुन्हा जोडा. मेंटेनन्समध्ये फक्त फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचं संगणकाशी बोलणारं आतलं सॉफ्टवेअर, टाकायचं असतं आणि दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली वेगळ्या असतात. ब्राउझरमधून थेट प्रोग्रॅम पाठवायचा तर क्रोम किंवा एज लागतो आणि बोर्डाचं फर्मवेअर ०२४९ किंवा त्यापुढचं हवं. हा आकडा ड्राइव्हवरच्या डिटेल्स फाइलमध्ये सापडतो. फायरफॉक्स आणि सफारीत थेट पाठवता येत नाही, तिथे फाइल ओढून टाकावी लागते.

विज्ञानाच्या तासाला हे किती उपयोगी? त्वरणमापक, म्हणजे हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर, खरंच चांगला. बोर्ड टेबलावर सपाट ठेवला की एका अक्षावर साधारण १०२३ येतो, म्हणजे एक जी, पृथ्वीच्या गुरुत्वाएवढं त्वरण. हातातून गादीवर सोडला तर हवेत असताना एकूण आकडा शून्याजवळ जातो. मुक्त पतनाचं इतकं सोपं प्रात्यक्षिक दुसऱ्या साधनाने क्वचितच होतं. पण मेककोडमध्ये मोजपट्टी आपोआप दोन जीवर असते. दोरीला बांधून फिरवलं की आकडा वर जाऊन तिथेच अडकतो आणि मुलं आलेखात तो सपाट माथाच काढून बसतात. मोजपट्टी आठ जी करून घ्या.

तापमानाचा आकडा मात्र हवेचा नव्हे, प्रोसेसरच्या चिपचा असतो, त्यामुळे तो खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त येतो. फरक मोजायला चालेल, ‘आजचं तापमान’ म्हणून लिहायला नाही. प्रकाशाचं मापही दिव्यांच्या जाळीवरूनच घेतलेलं, ० ते २५५. ते लक्स, म्हणजे प्रकाश मोजायचं खरं एकक, नव्हे. होकायंत्र वापरण्याआधी बोर्ड चहूबाजूंनी कलवून पडदा दिव्यांनी भरावा लागतो. शेजारी लोखंडी टेबल किंवा स्पीकर असेल तर दिशा चुकतेच.

दुसऱ्या आवृत्तीत नोंदी बोर्डावरच साठतात आणि ड्राइव्हवर तक्त्याच्या रूपात उघडतात. ही सोय अप्रतिम, पण दोन अडचणी आहेत. एकतर तक्ता त्या क्षणाचा असतो, ताज्या नोंदी बघायला केबल काढून पुन्हा जोडावी लागते. दुसरं, नवा प्रोग्रॅम टाकला की जुन्या नोंदी जातात. आधी उतरवून घ्या. बोर्डात घड्याळ नाही, वेळ चालू केल्यापासूनची मोजली जाते. प्रयोग किती वाजता सुरू झाला ते वहीत लिहून ठेवा.

अभियांत्रिकीच्या बाजूला लोक सर्वाधिक फसतात ते मोटरशी. बोर्डाच्या कडेला तारा जोडायच्या पट्ट्या, म्हणजे पिना, असतात. त्यातल्या ३ व्होल्टच्या पिनमधून पहिली आवृत्ती साधारण ९० मिलिअँपिअर देते, दुसरी १९०. छोटी सर्वो मोटर अडकली की त्याहून कितीतरी जास्त ओढते, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होतो. प्रोग्रॅममध्ये चूक शोधत तास वाया जातो. मोटरला वेगळे सेल द्या, दोन्हींची ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, मात्र एकत्र जोडा. ती जोडायला विसरलं की मोटर थरथरते. क्रोकोडाइल क्लिप तिरकी लावली तर शेजारच्या बारीक पिनला टेकते, म्हणून ती सरळ, काटकोनात लावावी. बारीक पिनांपैकी ३, ४, ६, ७ आणि १० पडद्याशी जोडलेल्या आहेत, पहिल्या आवृत्तीत ९ सुद्धा. त्या वापरायच्या तर प्रोग्रॅममध्ये पडदा बंद करा, नाहीतर जोडलेला दिवा उगाच लुकलुकतो.

रेडिओवर संदेश पाठवण्याचा धडा मुलांना सगळ्यात आवडतो. गट क्रमांक ० ते २५५. सगळ्यांनी शून्य ठेवला की एकाचा संदेश सगळ्यांच्या पडद्यावर. हे मुद्दाम एकदा होऊ द्यावं, मग प्रत्येक जोडीला क्रमांक वाटून द्यावा.

तीस मुलांच्या वर्गाला जोडीने काम करायला १५ बोर्ड पुरतात, दोन जास्तीचे ठेवा. केबल १८, सेलच्या डब्या २०. डबी काढताना प्लग धरून ओढायचा, तारा नव्हे. तारा मुळातूनच तुटतात, म्हणून डब्या जास्त. ट्रिपल-ए सेल दर खेपेला ४० आणि तेवढेच राखीव. देणगीच्या पत्रात बहुतेकदा बोर्डांचा आकडा असतो, सेलचा नसतो.

वेळेचंही तसंच. ब्रिटनमधले बोर्ड २०१५ च्या शरद ऋतूत मिळायचे होते, वीजपुरवठ्यातल्या दोषामुळे वाटप मार्च २०१६ वर गेलं. शाळा तिथे सप्टेंबरात सुरू होते, म्हणजे अर्धं वर्ष उलटलेलं. कोणाकडूनही घेत असाल तर सत्र सुरू होण्याच्या किमान दोन महिने आधी दोन बोर्ड शिक्षकांच्या हातात द्यायला सांगा. बाकीची खोकी मागाहून आली तरी चालतील.