घरचा नवा डेस्कटॉप: लॅमिंग्टन रोड, शोरूम, ऑनलाइन की गावातला असेम्बलर?

नवा कॉम्प्युटर घेताना भाव चार ठिकाणी विचारला जातो. बिघडला तर कुठे आणून द्यायचा आणि तो कोण दुरुस्त करणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. घरचा डेस्कटॉप सात-आठ वर्षं वापरात राहतो. एवढ्या काळात एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), एसएसडी (माहिती साठवणारा भाग) किंवा यूपीएसची बॅटरी, काहीतरी एकदा तरी जातंच. म्हणून खाली प्रत्येक ठिकाण भावाआधी वॉरंटीच्या बाजूने तपासलं आहे.

मुंबईत पहिलं नाव अर्थातच लॅमिंग्टन रोडचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच-सात मिनिटांत दुकानं सुरू होतात. रविवारी बहुतेक शटर बंद असतात, आणि जुळणीला दोन-तीन तास लागतात, त्यामुळे इतर दिवशी दुपारच्या आत पोहोचलेलं बरं. सुटे भाग घेऊन मशीन बांधून घ्यायचं असेल तर इतकी निवड आणि इतका भाव राज्यात दुसरीकडे एका जागी मिळणं कठीण. पण तयारी न करता गेलं तर याच रस्त्यावर माणूस सहज फसतो.

तयारी म्हणजे पुऱ्या मॉडेल नंबरांची यादी. ‘आय फाइव्ह, सोळा जीबी, पाचशेबारा एसएसडी’ एवढंच सांगितलं तर प्रत्येक दुकानदार आपापल्या सोयीचा माल धरून कोटेशन देतो आणि मग तीन कोटेशनांची तुलनाच होत नाही. एका एका अक्षराने फरक पडतो. इंटेलचा १२४०० आणि १२४००एफ हे दोन वेगळे प्रोसेसर आहेत. एफवाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे वेगळं ग्राफिक कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच उमटत नाही. एफ स्वस्त पडतो म्हणून कोटेशन आकर्षक दिसतं. अभ्यास, बँकेची कामं, फोटो आणि सिनेमे एवढ्यासाठी घेत असाल तर एफ नको. एएमडी या दुसऱ्या कंपनीत रायझन ५ ५६००जी सारखा जी असलेला, म्हणजे अंगचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर या कामाला पुरून उरतो.

रॅम एकच सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. अंगचं ग्राफिक्स रॅममधूनच काम करतं, आणि एकाच पट्टीवर त्याला निम्मी वाट मिळते. दुकानदार बहुधा एकच पट्टी लावतो, ‘पुढे वाढवता येईल’ असं सांगून. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव झपाट्याने चढले. तेव्हापासून कोटेशन त्याच दिवसापुरतं धरायचं. आठवड्याने जाऊन जुना भाव मागण्यात अर्थ नाही.

कोटेशनमध्ये सगळ्यात आधी एसएमपीएसची ओळ बघा. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढंच लिहिलं असेल तर तिथेच थांबा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या बऱ्याच एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेसमोर किती अँपिअर आहेत ते वाचलं की खरं कळतं. १२ ला त्या अँपिअरने गुणा. गुणाकार २०० च्या आसपास येत असेल तर ४५० हा आकडा फक्त लेबलवर आहे. ८० प्लसची खूण (वीज कमी वाया जाते याची), बीआयएसचा म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि निदान तीन वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस वेगळा घ्या. हलका एसएमपीएस जाताना कधीकधी मदरबोर्डही, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्डही, सोबत नेतो. इथे वाचवलेले हजार रुपये पुढे फार महाग पडतात.

प्रोसेसर बॉक्स पॅकच मागा. बॉक्समधल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी थेट तीन वर्षांची वॉरंटी देतात. बबल रॅपमध्ये मिळणारा ट्रे पीस थोडा स्वस्त असतो, पण त्याची हमी फक्त दुकानदाराची असते.

आता काउंटरवरची तपासणी. मदरबोर्डच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, काळं प्लास्टिकचं झाकण असतं. अलीकडच्या इंटेल बोर्डांत आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावरच असतात, केसापेक्षा बारीक. प्रोसेसर बसवायच्या आधी झाकण काढायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. सगळ्या पिनांवर प्रकाश एकाच दिशेने, सलग चमकला पाहिजे. रांगेतला एखादा ठिपका वेगळा चमकला किंवा काळा राहिला तर ती पिन वाकलेली आहे. अशी पिन असली तरी मशीन बऱ्याचदा चालू होतं, फक्त एक रॅम स्लॉट मुका राहतो. ते सहा महिन्यांनी लक्षात येतं आणि सर्व्हिस सेंटर ‘फिजिकल डॅमेज’ लिहून बोर्ड परत करतं, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. काढलेलं झाकण बॉक्समध्ये जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत देताना ते लागतं.

जुळणी झाल्यावर मशीन तिथेच चालू करून घ्या. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानात) दोन्ही पट्ट्या आणि रॅमचा वेग दिसतो. एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं तिथलंच सेटिंग, चालू केलेलं नसेल तर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालताना दिसेल. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून एसएसडीचे ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ती आजवर किती तास चालली, ते बघा. नव्या एसएसडीत हा आकडा शून्य किंवा फार तर एक-दोन असतो. तिथे शेकडो तास दिसले तर माल वापरलेला आहे. शेवटी दहा मिनिटं जड काम देऊन प्रोसेसरचं तापमान बघा. इंटेलच्या सोबतच्या कूलरला चार पुशपिना असतात आणि घाईत एखादी अर्धीच बसते. तसं झालं असेल तर तापमान बघता बघता शंभर अंशांच्या जवळ जातं.

बिल पक्कंच घ्या. जीएसटी १८ टक्के, आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हे ऐकायला मिळेल. नाही म्हणा. असेम्बल्ड मशीनला एक वॉरंटी नसते, भागागणिक वेगळी असते. एसएसडीला तीन किंवा पाच वर्षं, चांगल्या एसएमपीएसला सात किंवा दहाही असतात, आणि प्रत्येक भागाचं सर्व्हिस सेंटर वेगळं. त्या प्रत्येक दारात हेच बिल दाखवावं लागतं. भागावरचा वितरकाचा स्टिकरही खरवडू नका. माल अधिकृत वाटेने आल्याचा पुरावा तोच असतो.

दुकानदार विंडोज फुकट टाकून देतो म्हणाला तर सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. घरच्या मशीनवर ‘संस्थेच्या सेवेमार्फत सक्रिय’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर ते चोरीचं विंडोज आहे. त्याला लावलेल्या ॲक्टिव्हेटरमधून (परवान्याशिवाय विंडोज सक्रिय करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काय काय आत आलं, हे कोणी सांगू शकत नाही. बँकेची कामं करायच्या मशीनवर ते नकोच. परवान्याचे पैसे वेगळे धरा, नाहीतर लिनक्स मिंट टाका. त्यात मराठी टायपिंग उत्तम चालतं.

क्रोमा, विजय सेल्स, रिलायन्स डिजिटल अशा मोठ्या शोरूममध्ये डेस्कटॉप मोजकेच दिसतात, लॅपटॉप आणि ऑल-इन-वन (मॉनिटरमध्येच कॉम्प्युटर असलेले) जास्त. ज्याला भाग-बिग काही बघायचे नाहीत आणि तक्रारीसाठी एकच नंबर हवा, त्याच्यासाठी हेच ठिकाण योग्य. डेल, एचपी, लेनोवोच्या डेस्कटॉपसोबत अस्सल विंडोज येतं, आणि ऑनसाइट वॉरंटी असलेलं मॉडेल घेतलं तर तंत्रज्ञ घरी येतो. ऑनसाइट आहे की मशीन उचलून न्यायचं आहे, हे बॉक्सवर वाचून घ्या. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधी संपते ते पाहणं. माल गोदामात पडून असेल तर घड्याळ कधीकधी आधीच सुरू झालेलं दिसतं. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ते लगेच करावं लागतं. उणीव अशी की बारीक कॅबिनेटच्या मॉडेलांत एसएमपीएस आणि बोर्ड कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातले बसत नाहीत. शोरूमची वाढीव वॉरंटी घेण्याआधी दुरुस्ती कंपनी करणार की शोरूमने नेमलेला माणूस, ते लेखी मागा. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा आपल्याच खिशातून जातो.

ऑनलाइन भाव बघायला उत्तम, एकेकटा भाग घ्यायलाही बरं. पूर्ण मशीनचे आठ भाग पाच विक्रेत्यांकडून मागवले की घोळ होतो. एक भाग उशिरा येतो, तोवर पहिल्याची बदलून देण्याची मुदत संपते. साइटच्या नावापेक्षा ‘सोल्ड बाय’ पुढचं नाव बघा. पॅकेट उघडताना सील, लेबल आणि सीरियल नंबर दिसेल असा एकसलग व्हिडिओ काढा. मॉनिटर शक्यतो दुकानातून, चालू करून, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर बघून घ्या. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत.

मुंबई-पुण्यापासून लांब राहत असाल तर तालुक्याच्या गावातला विश्वासाचा असेम्बलर, म्हणजे सुटे भाग जोडून मशीन बांधून देणारा, या सगळ्यांपेक्षा उजवा ठरतो. चार पैसे जास्त जातात, पण वॉरंटीचा भाग शहरात पाठवून बदलून आणायचं काम तो करतो. वरची यादी, बॉक्स पॅक प्रोसेसर, एसएमपीएसचं नाव आणि सीरियल नंबरांसह पक्कं बिल एवढं त्याच्याकडूनही घ्या. शिवाय घरच्या प्लगचं अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष मशीनचा नसून अर्थिंगचा असण्याची शक्यता जास्त. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो. घरच्या साध्या मशीनला आणि मॉनिटरला काम सेव्ह करून बंद करण्यापुरता तो पुरतो. प्रिंटर मात्र त्याला जोडू नका.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रार नोंदवताना बिलाचा फोटो आणि सीरियल नंबर हाताशी ठेवा. निदान ते तीस दिवस तरी एकही बॉक्स रद्दीत देऊ नका.