पाच तारांची स्वस्त बेस गिटार आणि काळी दोनचा सा : वापरानंतरचा अनुभव

किंमत सव्वीस हजारांच्या घरात, ३४ इंची स्केल (म्हणजे तारेची वाजणारी लांबी), दोन पिकअप (तारेचं कंपन टिपणारे), आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि अर्थातच पाच तारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतल्या ज्या गिटारी दुकानात हातात घेतल्या त्यांचे गुण-दोष जवळपास सारखेच होते, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याहीबद्दल लिहिता आलं असतं. गेल्या पावसाळ्याआधी घेतली, तेव्हापासून रियाज आणि कार्यक्रम दोन्हीकडे हीच वापरते आहे.

मी नाशिकच्या एका हौशी वाद्यवृंदात वाजवते. भावगीतं, जुनी हिंदी गाणी, गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी पहाट, मधूनच कुणाची तरी साठीशांत. हे आधी सांगते, कारण पाच तारांच्या गिटारीवर जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक मेटल किंवा जॅझ वाजवणाऱ्यांचं असतं. त्यांना नेहमीच्या चार तारांच्या (ई, ए, डी, जी) खालची बी तार हवी असते ती खर्ज धडधडवायला. मला ती लागते गायकाच्या पट्टीसाठी, म्हणजे तो ज्या स्वराला सा धरतो त्यासाठी. आपल्याकडे साथ करणाऱ्या बेसवाल्याला पाचवी तार का हवी याचं याहून चांगलं कारण मला तरी दिसत नाही.

चार तारांच्या गिटारीवर सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे आपली पेटीवरची पांढरी तीन. आता गायक म्हणाला ‘काळी दोन’, तर सा त्या ईच्या बरोब्बर अर्धा सूर खाली गेला. वरचा सा ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (घरावर) आहे, त्याची अडचण नाही. पण ओळ उतरताना नि, ध, प करत खाली याल, मंद्र रे ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर मिळेल आणि ‘सा’पाशी येऊन रस्ता संपेल. मग काय करायचं, तर उडी मारून वरचा सा घ्यायचा. समोर बसलेल्यांना ते समजत नाही, पण ओळ टेकत नाही एवढं नक्की. पाच तारांवर तोच सा बीच्या चौथ्या फ्रेटवर मिळतो. काळी एकचा दुसऱ्यावर, पांढरी एकचा पहिल्यावर. बाईमाणसाच्या पट्ट्यांनाही फायदा आहेच. पांढरी पाचचा सा ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, आणि तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असल्यामुळे मंद्र पंचम त्याच फ्रेटवर, खालच्या तारेवर. केहरव्यात नुसतं सा-प, सा-प करायचं असेल तर हात जागचा हलत नाही. चार तारांवर हा खालचा प मुळी नव्हताच. वरचा घ्यायचा आणि गाणं वर उचलल्यासारखं वाटायचं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आमच्याकडे तालमीत एक पट्टी ठरते आणि कार्यक्रमाच्या दिवशी ग्रीनरूममध्ये गाणारे काका येऊन म्हणतात, ‘‘ताई, घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ या.’’ ठरलेली असते पांढरी चार, होते पांढरी तीन. चार तारांच्या गिटारीवर याचा अर्थ असा की पहिल्या फ्रेटवरचा सा उघड्या तारेवर गेला आणि तालमीत बसवलेली सगळी बोटं बदलली. पाच तारांवर मी पांढरी चारचा सा मुळात ई तारेवर घेतच नाही, बीच्या सहाव्या फ्रेटवर घेते. अर्धा सूर खाली म्हणजे पाचवा फ्रेट. बोटं तीच, हात एक घर डावीकडे. शिवाय ३४ इंची गिटारीवर पहिलं घर साधारण ४८ मिलिमीटर लांब असतं आणि सहावं ३६. माझ्यासारख्या लहान हाताला हा सव्वा सेंटिमीटर फार मोठा आहे. खरं सांगायचं तर बीचे पहिले चार फ्रेट मी जितके वाजवते त्यापेक्षा पाचवा, सहावा आणि सातवा कितीतरी जास्त वाजवते.

कुणी म्हणेल, जुन्या गाण्यांत कुठे होती पाचवी तार? नव्हतीच. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ची, चार तारांची. त्याच कंपनीने १९६५ साली पाच तारांची एक काढली खरी, पण तिची जादा तार खाली नसून वर होती. खाली बी असलेली गिटार अलेम्बिक या कंपनीने जिमी जॉन्सन या बेसवादकासाठी १९७६ साली बनवली, आणि ऐंशीच्या दशकात सिंथेसायझरचा खर्ज सगळीकडे ऐकू यायला लागल्यावर बाकीच्या कंपन्याही या वाटेला लागल्या. तेव्हा पन्नास-साठच्या दशकातलं हिंदी गाणं मूळ पट्टीत वाजवायचं असेल तर चार तारा पुरतात. पण मूळ पट्टीत गातंय कोण?

आता त्रास. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे न वाजवलेल्या तारेचा आवाज. जी तारेच्या चौथ्या फ्रेटवरचा बी वाजवा आणि लगेच बंद करा. आवाज थांबत नाही. खालची जाड बी तार कुणी हात न लावता गुणगुणत राहते, कारण तुम्ही वाजवलेला स्वर तिच्या मूळ कंपनाच्या चौपटीत बसतो. घरी ॲम्पवर हे फारसं जाणवत नाही. सभागृहात मोठ्या स्पीकरवर सगळ्या गाण्याखाली पंखा लावल्यासारखं घुमतं. उपाय एकच, उजव्या हाताचा अंगठा. आधी मी तो पिकअपवर रोवून बसायची. आता तो बोटांच्या मागोमाग फिरतो: ई वाजवताना बीवर टेकलेला, ए वाजवताना ईवर टेकून त्याची कड बीला लागलेली, डी आणि जीकडे जाताना आणखी खाली. डाव्या हाताचं मोकळं बोटही सतत कुठल्या ना कुठल्या तारेवर हलकं पडलेलं असतं. हे अंगवळणी पडायला महिने जातात, आणि तोवर आपण आधीपेक्षा वाईट वाजवतोय असं वाटत राहतं. ज्यांचा कार्यक्रम पुढच्या पंधरवड्यात आहे त्यांनी नवी पाच तारांची गिटार घेऊन थेट रंगमंचावर जाऊ नये.

नेक (गिटारीची मान) रुंद आहे. नटपाशी, म्हणजे तारा खाचांतून डोक्याकडे जातात तिथे, ४५ मिलिमीटर. माझ्या जुन्या चार तारांच्या गिटारीचा ३८ होता. उलट ब्रिजपाशी, म्हणजे दुसऱ्या टोकाला, तारा जवळजवळ आल्यात, १९ऐवजी साडेसोळा मिलिमीटरवर. डाव्या हाताला ऐसपैस, उजव्या हाताला दाटीवाटी, असा उलटा मामला. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारा ठोकत वाजवणाऱ्यांना हे जाचेल. मी वाजवत नाही, त्यामुळे सुटले. वजन चार किलोच्या थोडं वर, आणि हेडस्टॉकवर पाच चाव्या असल्यामुळे गिटार सोडली की डोकं खाली टाकते. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घेतल्यावर हा प्रश्न निम्म्याहून जास्त मिटला. गिटारीबरोबर आलेला नायलॉनचा पट्टा फेकून दिला तरी चालेल. तीन तास उभं राहून वाजवल्यावर डावा खांदा बोलतोच, पण आमच्या भावगीतांच्या कार्यक्रमात सगळे बसूनच वाजवतात.

आवाजाबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सांगते. उघडी बी म्हणजे साधारण ३१ हर्ट्झ. उघडी ई ४१. घरचा माझा आठ इंची स्पीकरवाला ॲम्प ३१ हर्ट्झ काढूच शकत नाही. त्यातून ऐकू येतात ते दुपटी-तिपटीचे स्वर, ६२ आणि ९३, आणि मूळ स्वर कान आपला आपण भरून घेतो. त्यामुळे घरी बी वाजवून ‘ही तार मेलेली आहे’ असा निकाल देऊ नका. हेडफोनवर ऐका. सभागृहात वेगळीच गंमत असते. मिक्सरच्या बहुतेक चॅनेलवर लो-कटचं बटण असतं, ते ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटतं. माइकसाठी ते दाबायची सवय असते, त्या ओघात बेसच्या चॅनेलवरही दाबलं जातं. मग एवढी पाचवी तार घेऊन बसलेल्या माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. साउंड चेकला मी आता पहिलं वाक्य तेच म्हणते, ‘‘दादा, बेसचा लो-कट काढा ना.’’

आणि काढल्यावर जपूनही वाजवावं लागतं. तबल्याचा डग्गा, ढोलकीची धुम, ऑक्टोपॅडचा किक, सगळे त्याच तळमजल्यावर राहायला. अख्ख्या अंतऱ्याला खालचा सा धरून बसलं तर नुसता गाळ होतो. मी तो राखून ठेवते: अंतरा संपून मुखड्यावर येतानाची सम, किंवा शेवटची ओळ. लावणीत ढोलकीवाला रंगात आला की बी तारेकडे बघायचंसुद्धा नाही.

बीचा स्वभाव सातव्या फ्रेटपर्यंत चांगला आहे. त्यापुढे स्वर थोटा होत जातो, उंची कळते पण तेज नाही. पस्तीस इंची स्केलच्या महागड्या गिटारींत तार थोडी जास्त ताणलेली असते, तिथे हे कमी होतं म्हणतात आणि एकदा हातात आलेल्या तशा गिटारीवर मला ते पटलंही. पण मी तिथे जातच नाही. वरचे स्वर घ्यायला बाकीच्या तारा आहेत.

सेटअपचे पैसे किमतीतच धरा. माझी आली तेव्हा बाराव्या फ्रेटपाशी बी तार चार मिलिमीटर वर होती. गिटारीचं काम करणाऱ्या एका काकांनी ती तीनच्या आत आणली, नटच्या खाचा साफ केल्या, इंटोनेशन लावलं, म्हणजे वरच्या घरांवरही सूर बरोबर येईल असं केलं. बीचं सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) मागे सरकवत सरकवत जवळजवळ टोकाला गेलं. आणखी दोन मिलिमीटर लागले असते तर पंचाईत होती. दुकानात बघताना हे नक्की तपासा: बीच्या सॅडलमागे स्क्रूला जागा किती उरली आहे. रंग आणि चकाकी यांपेक्षा हे महत्त्वाचं.

नाशिकची हवा नेकची परीक्षा बघते. आषाढ-श्रावणात लाकडाने ओल घेतली, नेक पुढे झुकला, तारा उचलल्या गेल्या. डिसेंबरात निफाडकडची थंडी उतरल्यावर उलट झालं, तारा फ्रेटवर खरखरायला लागल्या. दोन्ही वेळा ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या सळईला) पाव फेऱ्याहून कमी पिळ दिला, आधी आवळून आणि नंतर सैल करून, एक रात्र तशीच ठेवली आणि काम झालं. मार्चच्या कोरड्या हवेत फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला लागू लागली आहेत. लाकूड आक्रसतं, धातू नाही. काकांच्या कानशीचे दोन हात पुरतील. स्वस्त गिटारीत या कडा कारखान्यात गोल केलेल्या नसतात, तेवढं गृहीत धरायला हवं.

पहाटेच्या कार्यक्रमाची वेगळी खबरदारी. उघड्यावर साडेपाचच्या गारठ्यात सूर लावले आणि दिवे तापले, ऊन चढलं की सगळ्या तारा उतरतात. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर पुन्हा बघायलाच लागतं. फोनवरच्या ट्यूनरला बी नीट ऐकू येत नाही, आकडा थरथरत राहतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) वाजवला की तो लगेच ओळखतो. तेही नको असेल तर बीचा पाचवा फ्रेट आणि उघडी ई कानाने जुळवा.

बॅटरीचं एकच सांगणं: जॅक खोचलेला असेपर्यंत ती चालूच असते. वाजवून झालं की वायर गिटारीतून काढायची, ॲम्पमधून नव्हे. बॅटरी उतरायला लागली की आधी आवाज बारीक होत नाही, फाटतो, आणि माणूस उगाच वायरीला आणि साउंडवाल्याला दोष देत बसतो. झिपच्या खणात एक नवी बॅटरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असतो.

तारा महाग आहेत. पाच तारांचा बरा संच अडीच-तीन हजारांना पडतो, म्हणजे गिटारीच्या किमतीचा दहावा हिस्सा. मी ४५ ते १३०चा संच वापरते. १३० म्हणजे ०.१३० इंच, साधारण ३.३ मिलिमीटर जाडीची तार. प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने पुसून ठेवल्या तर बऱ्याच टिकतात, घामट हाताच्या माणसाच्या कमी. बी सर्वांत सैल वाटते, ती जरा आवळून बसावी म्हणून १३५ लावून बघायचा विचार आहे. त्यासाठी नटची खाच रुंद करावी लागेल, आणि एकदा केली की १३० तिथे डुगडुगणार. काका म्हणतात, आधी तार आणा, खाचेवर नुसती ठेवून बघू, मग कानस हातात घेऊ. सुटी १३५ इथल्या दुकानांत मिळाली नाही, मागवली आहे.